कापून टाकलेले जाळे

दूर उत्तरेकडे, जिथे हिवाळ्यात समुद्राच्याही कडा गोठतात, तिथल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरला आस्लाक, धाकटा निलास. आईवडील नव्हते. दोघांची मिळून एक बोट होती आणि तिच्यावर ते कॉड मासा धरत.

त्या गावात एक जुनी रीत होती. परतताना बोटीवरच फाटलेले जाळे दुरुस्त करायचे आणि कापलेला तुकडा पायाने समुद्रात ढकलायचा. आजोबांच्या वेळी जाळी सुताची असत. ती पाण्यात कुजून जात. पुढे नायलॉनची जाळी आली. ती कुजत नाहीत. पण लोकांच्या पायांची सवय गेली नाही.

आस्लाकने मात्र ती सोडली होती. तुकडे तो बोटीवरच ठेवी आणि धक्क्यावर उतरवी. शेजारच्या बोटीचा मिक्केल त्याला चिडवी, "काय रे, बायकोला शाल विणणार का यांची?"

"विणली तर तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल," आस्लाक म्हणे.

निलासला एवढा धीर नव्हता. एका संध्याकाळी बोट माशांनी भरली होती, वारा वाढत होता आणि जाळ्याचा खोलीएवढा फाटका भाग सारखा पायात येत होता. आस्लाक सुकाणूवर होता. निलासने तो भाग कापला आणि लोटून दिला.

पाण्याचा आवाज ऐकून आस्लाकने विचारले, "काय टाकलंस रे?"

"काही नाही, दादा. बर्फ झटकला."

"जाळं नाही ना?"

"नाही म्हटलं ना! पुढे बघ तू."

आस्लाकने पुढे पाहिले. भावाचा शब्द त्याला पुरे होता.

चार दिवसांनी त्याच पाण्यात बोटीचा पाण्याखालचा पंखा एकाएकी थांबला. पंख्याला जाळे गुंडाळले गेले होते. वारा बोटीला मोठ्या हिमखंडांकडे ढकलत होता. "माझे पाय धर," असे म्हणून आस्लाक मागच्या बाजूने खाली वाकला आणि सुरीने जाळे कापू लागला. निलासने पाय घट्ट धरले. एक लाट आली, बोट उचलली गेली आणि त्याच्या हातात नुसता बूट राहिला.

निलासने भावाला लांब दांड्याच्या आकड्याने ओढून वर घेतले. फार वेळ गेला नव्हता. पण त्या पाण्यात माणूस मरायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या बोटीने दोघांना किनाऱ्याला आणले, तोवर आस्लाक गेला होता.

धक्क्यावर सगळे गाव जमले. पंख्यातले जाळे सोडवून काढले गेले. ते पाहून मिक्केल ओरडला, "ही त्या परक्या मासेमारी जहाजांची घाण! त्यातलं एक खाडीत उभं आहे. चला, त्यांच्या कप्तानाला खाली ओढू." दहाबारा माणसे आकडे घेऊन निघालीसुद्धा. कुणीतरी निलासच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा काही दोष नाही, पोरा."

निलासने जाळ्याकडे पाहिले. त्यातल्या दुरुस्तीच्या गाठी उलट्या पिळाच्या होत्या. गावात डावखुरा माणूस एकच होता, आणि तो आता फळीवर निजवलेला होता. गाठींकडे दुसऱ्या कुणाचेच लक्ष नव्हते. निलास गप्प राहिला असता, तर गावाने त्याला जन्मभर पोटाशी धरले असते.

"थांबा," तो म्हणाला. "हे आमचंच जाळं आहे. मी टाकलं. दादाने विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो."

माणसे जागच्या जागी थांबली. आस्लाकची बायको मारेत पुढे आली.

"त्याला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तो रागावला असता, वहिनी."

"हो, रागावला असता. बोट वळवून जाळं उचललं असतं. आणि घरी येईपर्यंत त्याचा राग गेला असता."

मिक्केलने हातातला आकडा खाली ठेवला. "काल मीही दोन तुकडे टाकले," तो म्हणाला.

"कुठे?" मारेतने विचारले.

त्याने जागा सांगितली. मग दुसऱ्याने सांगितली, मग तिसऱ्याने.

दुसऱ्या दिवशी, आस्लाकला पुरण्याआधी, आठ बोटी समुद्रात गेल्या. ज्याने जिथे टाकले होते, तिथे तो शोधत फिरला. थोडेच सापडले. बाकीचे अजून समुद्रात आहे.

तात्पर्य: समुद्रात टाकलेले नाहीसे होत नाही, ते कुणाच्या तरी वाटेत जाऊन थांबते. आणि चूक झाली तर विचारल्या क्षणी कबूल करावी. रागावणारे माणूस समोर आहे, तोवरच ती निस्तरता येते.