मुळाशी पडलेली कात

फार जुनी गोष्ट. रानातल्या एका जांभळाखाली शेवंती नावाची खार लहान पिल्लांची शाळा चालवायची. त्या दिवशी रानाचे कारभारी, म्हातारे वानर, तपासणीला येणार होते. पिल्लांना दहापर्यंत मोजता आलं नाही, तर शाळा बंद होणार होती.

शेवंतीने सकाळीच मोजायला बिया मांडल्या. पण पिल्लं तिकडे बघेनात. झाडाच्या मुळाशी सापाची ताजी कात पडली होती.

"बाई, साप मेला का?" सशाच्या पिल्लाने विचारलं.

मोजणी राहिली तर शाळा जाणार होती. पण साप जिवंत आहे आणि जवळच आहे, हे आज सांगितलं नाही, तर एखादं पिल्लूच जायचं. शेवंतीने बिया बाजूला सारल्या. साप कात का टाकतो ते सांगितलं, त्याचं वारूळ दुरूनच दाखवलं आणि पळायचं कसं ते शिकवलं.

दुपारी वानर आले. मोजताना पिल्लं सहावर अडकली.

"मग सकाळपासून केलंत काय?" वानरांनी विचारलं.

शेवंतीने मुळाशी पडलेली कात दाखवली. सशाचं पिल्लू म्हणालं, "आजोबा, सापाला जुनी कातडी घट्ट झाली, म्हणून त्याने ती टाकली. आता तो मोठा झालाय. तुमच्या मागच्या वारुळात राहतो."

वानरांनी शेपटी हळूच जवळ ओढून घेतली.

"मोजणी उद्या घ्या, बाई," ते म्हणाले. "आधी मला सांगा, पळायचं कुठून?"