मनगट

"मग हातगुण म्हणजे नक्की काय, अण्णा?"

बुधकर डॉक्टर चहा पीत होते. त्यांनी घोट गिळला आणि दुसरा घेतला.

वय अठ्ठ्याहत्तर. माणगंगेच्या काठावरच्या त्या बाजारगावात पन्नास वर्षं त्यांचा दवाखाना. बाहेर दोन बाकं, मध्ये हिरवा पडदा, पडद्याआड टेबल. सारं गाव त्यांना अण्णा म्हणे.

विचारणारी होती डॉ. कस्तुरी माळवदे. एम.डी.ला ती विद्यापीठात पहिली आली होती आणि हे तिच्या अजून लक्षात होतं. नऊ महिन्यांपूर्वी तिनं एस.टी. स्टँडसमोर स्वतःचा दवाखाना थाटला. काचेचं दार, पांढऱ्या फरश्या, ईसीजीचं मशीन. पेशंट यायचे, दोन-तीन खेपा करायचे आणि मग दिसेनासे व्हायचे. दिसायचे ते थेट अण्णांच्या बाकावर.

तिच्या पर्समध्ये पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं पत्र होतं. नोकरीचं. उद्या दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"माझं निदान चुकत नाही," ती म्हणाली. "औषध चुकत नाही. तरी बायका म्हणतात, पोरगी हुशार आहे, पण हातगुण अण्णांचाच. तर तो हातगुण काय असतो ते एकदा सांगून टाका. म्हणजे दवाखाना बंद करताना मनाला हुरहुर नको."

"बंद करायचं ठरलं?"

"तुम्ही काय सांगता त्यावर आहे."

"मग सांगायलाच नको," अण्णा म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बस. हातात काही घ्यायचं नाही. मी बोल म्हणेपर्यंत बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"एक पेशंट."

एवढंच? कस्तुरीला ते सोपं वाटलं. न बोलणं तिला कधीच सोपं गेलं नव्हतं, हे ती त्या क्षणी विसरली.

अण्णांच्या मुठीतला ग्लास टेबलावर ठेवायला तिनं हात पुढे केला. बोटांना असा चटका बसला की तिनं तो जवळजवळ टाकलाच. अण्णांनी तो मघापासून निवांत धरून ठेवला होता.

तिनं ते पाहिलं. पण पडदा सरकला.

आत आली ठकूबाई.

कस्तुरी ताठ झाली. ही तिचीच पेशंट. रक्तदाबासाठी तीनदा आली होती. तिन्ही वेळा दाब चढलेला. तिसऱ्या खेपेला कस्तुरीनं गोळीचा डोस वाढवून दिला होता. त्यानंतर बाई फिरकली नव्हती.

ठकूबाईही दारातच थबकली. "आगं बया… ह्या बाई हितं?"

"पाहुण्या आहेत," अण्णा म्हणाले. "बस, ठकू."

ठकूबाई स्टुलावर टेकली. पिशवीतून तिनं एक चुरगळलेला कागद काढला. कस्तुरीचीच चिठ्ठी. अण्णांनी ती वाचली, सरळ केली आणि समोर ठेवली.

"औषध बरोबर आहे," ते म्हणाले.

कस्तुरीला आधी बरं वाटलं आणि लगेच राग आला. बरोबर आहे तर मग ही बाई इथं काय करतेय?

अण्णांनी रक्तदाब मोजला. एकशे ऐंशीच्या घरात. मग त्यांनी ठकूबाईचं मनगट हातात घेतलं.

आणि काहीच विचारलं नाही.

बाहेर बाजाराचा गलका होता. कांद्याच्या गोण्या उतरत होत्या, कुणीतरी टेंपोवाल्याला शिव्या घालत होतं. अण्णा कुठं बघत नव्हते. मनगट हातात होतं, बस्स.

एक मिनिट गेलं असेल.

"सून बरी हाय," ठकूबाई म्हणाली.

"हं."

"…डाळिंबाच्या बागंत जातीया मी. छाटणी चाललीया."

"हं."

कस्तुरीनं घड्याळाकडे पाहिलं. बाहेर सात माणसं होती. येताना तिनं मोजली होती.

"…पाय दुखत्यात, पर त्ये काय, चालायचंच."

अण्णा गप्प. ठकूबाईही गप्प झाली. कस्तुरीला वाटलं, आता तरी सोडतील. अण्णांनी सोडलं नाही.

"अण्णा…"

"बोल."

"ती बारकी गोळी हाय न्हवं, बाईंनी दिल्याली… ती म्या न्हाय घेत. कामाच्या दिशी न्हाय घेत."

कस्तुरीच्या तोंडून शब्द फुटणार, तोच अण्णांनी मोकळ्या हाताचं एक बोट वर केलं. तिच्याकडे न बघता.

"घेतली की घडीघडीला लघवीला जावं लागतंय वो," ठकूबाई खालच्या आवाजात म्हणाली. "बागंत धा गडीमाणसं. आडोसा म्हनून न्हाय. एकदा गेलं, दोनदा गेलं… मुकादम हसतुया. बाईमाणसानं करायचं काय?"

"आणि कामाचे दिवस कोणते?"

"आयतवार सोडून रोजच की."

अण्णांनी मान हलवली. अजून थोडा वेळ मनगट धरलं. मग सोडून नळी कानाला लावली, समोर घड्याळ ठेवलं, छातीवरचे ठोके पूर्ण मिनिटभर मोजले आणि कागदावर आकडा लिहिला.

"आता बोला, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "पेशंट तुमची आहे."

कस्तुरीचे कान तापले होते. 'गोळी घेता ना?' असं तिनं पहिल्या खेपेनंतर दोन्ही वेळा विचारलं होतं. दोन्ही वेळा 'व्हय' असं उत्तर आलं होतं. आणि जी गोळी पोटात जातच नव्हती, तिचाच डोस तिनं वाढवला होता.

"ही गोळी बंद करू, मावशी," ती म्हणाली. "दुसरी देते. तिनं सारखं लघवीला जावं लागत नाही."

"अशी बी असती व्हय?" ठकूबाईचा चेहरा उजळला.

"असते. पण मावशी… हे मला का नाही सांगितलंत?"

ठकूबाईनं पदर सारखा केला. "तुमास्नी घाई व्हती न्हवं."

"घाई? अहो, त्या दिवशी बाहेर एकही पेशंट नव्हता!"

"व्हय की," ठकूबाई म्हणाली. "योक बी न्हवता."

आणि ती मनापासून हसली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

कस्तुरीनं नवी चिठ्ठी लिहिली. पंधरा दिवसांनी दाब परत बघायचा, असंही ठकूबाईला सांगितलं. कुणी बघायचा, ते मात्र तिच्यानं सांगवेना. ठकूबाईनं चिठ्ठी कपाळाला लावली आणि पडदा सारून गेली.

दुसरा पेशंट आत येऊ लागला. अण्णांनी हातानंच त्याला थांबवलं.

कस्तुरी उठून टेबलाशी आली. लाज वाटली की तिला राग यायचा, आणि आता तिला पुष्कळ लाज वाटली होती.

"अण्णा, तुमची बोटं चुकीच्या जागी होती."

"हो का?"

"नाडी अंगठ्याच्या बाजूला असते. तुमची बोटं मनगटाच्या मधोमध होती. तिथं काहीच लागत नाही."

"खरं आहे."

"आणि तो ग्लास. मला चटका बसला, तुम्हाला पत्ताही नव्हता." ती थांबली. तिचं निदान चुकत नसे. "तुमची बोटं बधिर झाली आहेत."

अण्णांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. जसं काही शेजाऱ्याचे आहेत.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "साखर."

"म्हणजे तीन वर्षं तुम्हाला नाडी लागत नाही?"

"नाही."

"म्हणून ठोके नळीनं मोजलेत."

"मोजायला नळी आहे."

"मग मनगट कशाला धरता? इतका वेळ? लोकांना वाटतं अण्णा नाडी बघतायत. हे… हे ढोंग झालं, अण्णा!"

शब्द निघून गेला. 

अण्णा रागावले नाहीत.

"असेल," ते म्हणाले.

कस्तुरी खाली बघत उभी राहिली. तिला क्षमा मागायची होती. पण तिच्यातली डॉक्टर आधी बोलली.

"साखर शेवटची कधी तपासली?"

"दिवाळीला."

"या दिवाळीला?"

अण्णांनी आठवून पाहिलं. "…नसावी."

"तुम्हाला तपासतं कोण?"

"गावात डॉक्टर कुठं होता?"

"तुम्ही होतात की!"

"तेच म्हणतोय," अण्णा म्हणाले. "मी होतो. दुसरा नव्हता."

मग ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. टेबलाला वळसा घालून आले आणि ठकूबाई बसली होती त्या स्टुलावर बसले. समोरच्या आपल्या खुर्चीकडे त्यांनी हनुवटीनं खूण केली.

"मी?" कस्तुरी म्हणाली.

अण्णांनी पुन्हा तीच खूण केली.

ती त्या खुर्चीत बसली. खुर्चीचं वेताचं विणकाम मध्ये खचलं होतं, अण्णांच्या मापानं. पर्स मांडीवर मावेना. तिनं ती खाली जमिनीवर ठेवली, पत्रासकट.

अण्णांनी बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. उताणा.

कस्तुरीनं नाडीवर तीन बोटं ठेवली. अगदी अचूक जागी. घड्याळाकडे पाहिलं. पंधरा सेकंद, गुणिले चार.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "नियमित आहे."

तिनं मनगट सोडलं आणि पेन उचललं.

अण्णांचा हात तिथंच राहिला.

पडद्याबाहेर कुणीतरी खोकलं. कांद्याच्या गोण्या उतरून झाल्या असाव्यात. बाजार थोडा शांत झाला होता.

हात अजून तिथंच होता. उताणा. म्हातारा.

"मोजून झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं."

"मग आता धर."