धाकू गुरवाची बाजू

खाडीचं तोंड आता आहे त्याहून रुंद होतं आणि मीठ न्यायला शिडाची गलबतं येत होती, तेव्हाची ही गोष्ट. उंबरखार गावात सगळे मिठागरात राबत. लिहिता-वाचता येणारा गावात एकच माणूस होता, देवीच्या गुरवाचा मुलगा धाकू. तो मामाकडे राहून अक्षरं शिकून आला होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

धाकूला गावात राहायचंच नव्हतं. पलीकडच्या बंदरावर कचेरी होती. तिथे गादीवर बसायचं, कानावर बोरू खोचायचा आणि लोकांना ताटकळत ठेवायचं, एवढंच त्याचं स्वप्न होतं. गलबताच्या तांडेलानं त्याला शब्द दिला होता की पावसाळा सरला की पहिल्या खेपेला घेऊन जाईन. तोवर धाकू देवळाच्या पायरीवर बसून समुद्राकडे बघत असे.

तिथेच एक दिवस अंबू आली. अंबूचा नवरा वारला होता आणि तिला नवशी नावाची एकच मुलगी होती. नवशी फारशी बोलत नसे, म्हणून गाव तिला अर्धवट म्हणे. आपल्यामागे या पोरीचं कसं होणार, हा घोर अंबूला लागून राहिला होता.

"धाकूदादा, माझे पोरीला चार अक्षरां शिकव," ती म्हणाली.

"मी काही पंतोजी नाही. गलबत आलं की मी निघालो."

"आला तं जा. तवर शिकव."

पावसाळा लागायलाच अजून अवकाश होता, म्हणून धाकू कबूल झाला. नवशीबरोबर गावातली आणखी पाच-सात पोरंही आली. धूळपाटीवरची धूळ खाडीच्या वाऱ्यानं उडून जाई, म्हणून धाकू मिठाच्या रिकाम्या वाफ्यात शिकवू लागला. पायांनी तुडवून सपाट केलेल्या ओल्या चिखलात काडीनं अक्षर छान उठतं. धाकू कचेरीत बसल्यासारखा बांधाला टेकून बसे, पोरांना समोर बसवी आणि आपल्या पुढ्यात अक्षर काढी. वांड पोरं एका जागी बसतात थोडीच? ती त्याच्या पाठीमागे जाऊन खांद्यावरून डोकावत. नवशी मात्र सांगितलेल्या जागी समोरच बसून राही.

एक दिवस धाकूनं एकेकाला आपल्या शेजारी बोलावून 'श्री' काढायला लावला. बाकीच्यांनी कसाबसा काढला. नवशीनं काढला तो पाय वर, डोकं खाली. पोरं खो खो हसली आणि धाकूही हसला. मग तो अंबूला म्हणाला, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. उद्यापासून पाठवू नकोस." अंबूनं पोरीचा हात धरला आणि तिला घरी नेलं. त्या दिवसापासून गावानंही नवशीचं नाव टाकलं.

पावसाळा सरला, गलबत आलं. धाकूनं गाठोडं आधी चढवलं आणि देवीला नमस्कार करून तो बांधाबांधानं धक्क्याकडे निघाला. अगदी कडेच्या वाफ्यापाशी त्याचे पाय थांबले. वाफाभर अक्षरं होती, सुबक आणि एकही न चुकलेली. पलीकडच्या बांधाशी नवशी बसली होती.

"कुणी काढली ही?"

"मीच."

धाकूला खरं वाटेना. तो वाफ्याला वळसा घालून तिच्या शेजारी गेला, आणि बघतो तो सगळी अक्षरं उलटी!

"अगं, उलटी का काढलीस?"

"तुमी काडता ती मना हिकरून अशीच दिसतान."

पोरीनं एकही चूक केली नव्हती. आपण एकदाही तिच्या बाजूला येऊन बसलो नाही, याची धाकूला लाज वाटली. तिकडे तांडेल हाका मारत होता, पाणी ओसरायला लागलं होतं. धाकूनं काडी उचलली आणि नवशीच्या बाजूनं, तिच्या शेजारी बसून 'श्री' काढला. नवशीनं त्याखाली 'श्री' काढला आणि त्याच्याकडे बघून हसली. तिला हसताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं, असं म्हणतात. धाकूला इतका आनंद झाला की कचेरी, गादी, बोरू सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. गलबत निघून गेलं. गाठोडं मात्र बंदरावर पोचलं, आणि तिथे धाकूची बरेच दिवस वाट पाहिली गेली, असं म्हणतात.

त्याच पुनवेला मोठं उधाण आलं आणि बांध फुटले. पाणी उतरल्यावर सगळे वाफे पुसून गेले होते, पण कडेच्या वाफ्यात एकाखाली एक दोन 'श्री' मिठाचे शुभ्र उभे होते. मीठ असं धरत नाही, हे मिठागरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ते धरलं, असं म्हणतात.

धाकूनं मग जन्मभर शिकवलं. लेकरांशेजारी वाकून वाकून त्याच्या पाठीला बाक आला. तो गेल्यावर नवशीनं पोरांना शिकवलं, आणि तीही शेजारी बसूनच.

आजही उंबरखारला वाफ्यात पहिलं पाणी सोडायच्या आधी मोठी माणसं चिखलात बसून लहानांचा हात धरून अक्षर काढतात. समोर कुणी बसत नाही. पाणी सोडताना प्रत्येक लेकराशेजारी एका जास्तीच्या माणसाच्या बसल्याची खूण चिखलात उमटलेली दिसते, असं म्हणतात. शाळेत नवे गुरुजी आले की गावातली म्हातारी माणसं त्यांची खुर्ची उचलून पोरांच्या रांगेत नेऊन ठेवतात. आणि एखाद्या पोराला काही आलं नाही, तर उंबरखारला त्या पोराला कुणी रागवत नाही. शिकवणाऱ्याला विचारतात, "तुमी कुठं बसला होता?"