चुंदचा वाकडा टाका

या रे, पाय आत घ्या. विशाखा, सुमेध, दोघांची तोंडं अजून दोन दिशांना? असू देत. कान तर इकडे आहेत ना? सुमेधनं संध्याकाळी वंदनेच्या वेळी विचारलं होतं, "आजी, संघाला शरण जायचं म्हणजे कुणाला गं?" तर ऐका.

एकदा काय झालं, डोंगरातल्या एका लेण्यात भिक्खू राहत होते. पावसाळाभर हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, असा त्यांचा नेम. पावसाळा सरला की गावातलं कुणीतरी कापड आणून द्यायचं. एकट्यादुकट्याला नाही हं, सगळ्या संघाला. मग ज्याचं चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, सगळ्यांत फाटकं, त्याच्यासाठी त्या कापडाचे तुकडे जोडून नवं शिवायचं. तेही दिवस मावळायच्या आत. नाही झालं, तर त्या वर्षी चीवर नाही.

त्या वर्षी सोमा विणकरणीनं कापड आणलं. चीवर मिळायचं होतं उत्तर नावाच्या म्हाताऱ्या भंतेंना. त्यांच्या जुन्या चीवराची पार चाळणी झालेली, त्यात छातीत कफ. डोंगरावरच्या थंडीत ते टिकतात की नाही, अशी सगळ्यांना धास्ती होती.

आता त्यांच्यात एक नंदिय होता. घर सोडण्याआधी तो शिंपी होता. त्याचा टाका शोधून सापडायचा नाही. तो म्हणाला, "सगळ्यांनी हात लावला तर चीवराचं गोणपाट होईल. मी एकटाच शिवतो." आणि शिवलं की झराझरा! मग झटकायला उचललं, तर काय, सगळे टाके सरसर उसवले. कापडाचे पुन्हा तुकडे.

मग त्यानं चांगल्या हाताचे तिघेचौघे घेतले. पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं. ऊन कलायला लागलं, बरं का.

मग त्यानं सगळ्यांना हाका मारल्या. सगळे बसले, सगळ्यांनी शिवलं. आणि पुन्हा सरसर! नंदियला रडूच आलं.

उत्तर भंते भिंतीला टेकून बसले होते. खोकत खोकत म्हणाले, "चुंद दिसत नाही तो?"

सगळ्यांनी नंदियकडे पाहिलं. पावसाळ्यात चुंदच्या हातून नंदियचं भिक्षापात्र फुटलं होतं. तेव्हा नंदिय सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ह्याच्या हाताला वळणच नाही." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. चुंद कडेच्या खोलीत एकटा बसायचा. त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. म्हणजे, तसं वाटत होतं.

मग नंदिय उठला. त्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाला, "चुंद, मी तेव्हा वाईट बोललो. चला, चीवर शिवायचंय."

"मला कुठं येतं शिवायला?"

"नसू दे येत. तुमच्यावाचून होत नाहीये."

चुंद आला. त्यानं एक टाका घातला. मुंगळा लंगडत गेल्यासारखा! नीट करायला नंदियचे हात शिवशिवले, पण तो हात मांडीखाली दाबून बसला. मग टाका ओढून पाहिला. हलेना! मग काय, सगळ्यांच्या सुया चालल्या. गाव करी ते राव न करी, म्हणतात ना? सूर्य डोंगराला टेकला तेव्हा चीवर पुरं झालं.

उत्तर भंतेंनी ते पांघरलं. ती थंडी निभावली, पुढच्याही निभावल्या. चुंदचा टाका तेवढा वाकडाच राहिला. तो कुणी सुधारला नाही, नंदियनंसुद्धा नाही.

तर सुमेध, संघ म्हणजे ते सगळे रे. कडेच्या खोलीतलासुद्धा.

आता ही गोधडी. तुमच्या पणजीनं आळीतल्या बायकांना घेऊन शिवलेली आहे, ओढाओढी केलीत तर फाटेल. विशाखा, सरक त्याच्याकडे. काय म्हणालास सुमेध? चुकलं? मला काय सांगतोस, तिला सांग.

हं. त्यांचं भलं झालं, तुमचंही होईल. मिटा डोळे.