दूध पिणारी दोरी

राजा धुरंधरसेनाची दोरी गावातलं सगळं दूध पिऊन टाकत होती!

दोरी दरबारातून निघे ती मुदपाकखाना, हत्तीखाना करत वेशीच्या खांबापर्यंत जाई. जागोजागी तिला घंटा बांधलेल्या. दरबारातलं टोक सहा पैलवान दिवसभर ओढून धरत. दोरी ताठ, म्हणजे राज्य ठीक! निरोप द्यायचा असला की ते क्षणभर ढील देत आणि घंटा वाजे. एकदा वाजली की विडा आणा. दोनदा वाजली की विडा नको. तीनदा वाजली की 'सगळं ठीक ना?' मग आचारी, माहूत, पहारेकरी आणि हत्तीसुद्धा धावत दरबारात येत, 'ठीक आहे' सांगून परत जात.

निरोप असो-नसो, पैलवान ओढतच राहत. ओढायला ताकद लागते, ताकदीला दूध लागतं. गवळ्याच्या ठकूच्या पारडाला आईच्या सडातला थेंबही मिळेना. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तशी ठकूने त्याला खांद्यावर टाकलं आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, तुमची दोरी माझ्या पारडाला खातेय!"

"मग काय सैल सोडू? राज्य सैल पडेल ना!" राजा गरजला. "एवढी शहाणी आहेस तर ऐक. दोरी ताठ हवी, निरोप जायला हवेत, आणि पैलवानांनी दुधाला शिवायचं नाही! संध्याकाळपर्यंत जमव. नाहीतर तुझी म्हैसही इकडेच बांधतो!"

पैलवान मिशीतल्या मिशीत हसले.

ठकूने विहिरीवरची कप्पी आणून तुळईला टांगली, तिच्यावरून दोरी घेतली आणि टोकाला जात्याची तळी, म्हणजे खालचा जड दगड, बांधली.

"सोडा रे दादांनो!"

पैलवानांनी डोळे गच्च मिटून हात सोडले. दोरी ताठच्या ताठ!

"अगं, हे कसं?"

"दोरीला एवढंच ओझं पुरतं, महाराज. बाकीचं हे एकमेकांना दाखवायला ओढत होते!"

"आणि निरोप?"

"तळी जरा उचलायची, घंटा वाजते. सोडली की दोरी पुन्हा ताठ. उचला ना तुम्हीच!"

राजाने बाह्या सरसावून तळी उचलली. टण्! विडा आला. लगेच तो नकोसा झाला. राजाने तळीकडे पाहिलं आणि मुकाट्याने विडा तोंडात टाकला. दुपारी 'सगळं ठीक ना?' विचारायला उठला, कंबर चोळली, म्हणाला, "ठीकच असेल!" हत्तीला पहिल्यांदाच दुपारची झोप मिळाली.

संध्याकाळी पैलवानांसाठी आलेली दुधाची कासंडी जशीच्या तशी भरलेली. राजा मात्र चिडलेला.

"माझे निरोप कुठे गेले? दिवसभरात एकच गेला!"

"महाराज, निरोप तेवढाच होता," ठकू म्हणाली. "बाकी सगळं फुकट गेलेलं दूध होतं!"

राजा असा हसत सुटला की मुकुट घरंगळत हत्तीखान्यापर्यंत गेला!

"बोल पोरी, काय देऊ?"

"हे सहाजण द्या. माझ्या म्हशीचं दूध प्यायलेत, आता शेणही काढू देत!"

"घेऊन जा! आणि पारडूही यांच्याच खांद्यावर दे!"

पारडाने कासंडीतून तोंड वर काढलं. कासंडी रिकामी होती.