दवंडीला उत्तर

फार पूर्वी, छापील कागद गावोगाव पोचायच्या आधी, एका बाजारपेठेत एक दवंडीवाला होता. बातमी म्हणजे तो. बाजार भरला की चौकातल्या दगडी ओट्यावर चढायचा, हलगी कडाडायची आणि गलका थांबायचा. गडी करारी. कुणाची भीड ठेवत नसे. खोड एकच होती. बोललो ते बोललो, असं त्याचं असायचं.

एकदा तो तेलिणीच्या दारावरून जात होता. बैल घाण्याभोवती फिरत होता आणि तेलीण तांब्यातलं पाणी घाण्यात शिंपडत होती. दवंडीवाल्याने एवढंच पाहिलं. विचारलं काही नाही. बाजाराच्या दिवशी ओट्यावरून हाळी दिली.

"ऐका हो ऐका! तेलीण तेलात पाणी घालते! डोळ्यांनी पाहिलंय!"

झालं. तिच्याकडे चिटपाखरू फिरकेना. तेलाचे बुधले भरलेले तसेच राहिले. पुढच्या बाजारीही तेच. शेवटी बैल विकायची वेळ आली.

तेलीण ओट्यापाशी आली. म्हणाली, "दादा, तिळावर पाण्याचा हबका मारल्याशिवाय तेल सुटत नाही. पाणी पेंडीत जातं, तेल निराळं निघतं. वर येऊन लोकांना एवढं सांगू द्या मला."

"ओट्यावर मी बोलतो," दवंडीवाला म्हणाला. "आणि चोर कधी म्हणतो का, मी चोरी केली?"

ती गेली. पण त्याच्या मनात कुसळ राहिलं. शेजारच्या गावी जाऊन त्याने एका म्हाताऱ्या तेल्याला विचारलं. म्हातारा बोळकं पसरून हसला.

"पाण्याबिगर तीळ तेल सोडतोय होय? कुणी सांगितलं तुला? तुझ्या हलगीनं?"

दवंडीवाला परतला तो थेट तेलिणीच्या दारी. आसपास कुणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "बाई, माझं चुकलं."

"मोठ्यानं बोला."

"तुला ऐकू आलं ना?"

"मी ऐकून काय करू? मी तेलात पाणी घालत नाही, हे मला ठाऊकच आहे. अब्रू घेतलीत चव्हाट्यावर, अन् परत देताय चुलीपाशी?"

"आज तुला वर चढवलं, तर उद्या सगळं गाव चढेल. मग माझ्या शब्दाला किंमत काय राहिली?"

"शब्दाची किंमत मला नका सांगू," तेलीण म्हणाली. "माझा बैल मोजतोय ती."

दवंडीवाला तसाच निघून गेला.

तेलिणीच्या बाबतीत दवंडीवाला चुकला, ही कुणकुण गावच्या कारभाऱ्याला लागली. त्याला असंच काही हवं होतं. कारण मधल्या एका बाजारी दवंडीवाल्याने सांगितलं होतं की, कारभाऱ्याच्या ताब्यातल्या सरकारी कोठारातून धान्य मोजून देतात त्या पायलीला आतून दुसरा तळ ठोकला आहे. ती बातमी मात्र अक्षर न् अक्षर खरी होती.

दवंडीवाला ओट्यावर असताना कारभारी शिपाई घेऊन भरल्या बाजारात आला.

"लोकहो, हा माणूस गरिबाच्या पोटावर पाय देतो. आज याची हलगी फोडायची. यापुढं दवंडी आधी कचेरीत ऐकवायची. मी मान डोलावली, तरच ती चौकात." मग तेलिणीकडे वळून म्हणाला, "बाई, तू फक्त तक्रार सांग. यानं तुझ्यावर खोटा आळ घेतला ना?"

तेलीण दवंडीवाल्याकडे वळली.

दवंडीवाल्याने 'मी बोललो ते खरंच आहे' एवढं म्हटलं असतं, तरी भागत होतं. त्याच्या शब्दापुढे तेलिणीला कोण विचारतो? एका वाक्यात हलगी वाचत होती. तेलीण मात्र कायमची बुडत होती.

तो ओट्यावरून खाली उतरला. हलगी आणि ती वाजवायचं टिपरू त्याने तेलिणीच्या हातात दिलं.

"मी चुकीचं बोललो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "कसं चुकलं ते ही सांगेल. मी जितक्या मोठ्यानं बोललो, तितक्याच मोठ्यानं."

तेलीण वर चढली. हलगी तिला कुठली वाजवता येते! भलताच आवाज निघाला आणि लोक हसले. पण मग ती बोलली. घाणा कसा फिरतो, पाणी कधी लागतं, ते कुठे जातं, सगळं सांगितलं. ती खाली उतरायच्या आतच एक म्हातारी ओरडली, "अगं, मला पावशेर ठेव! महिनाभर त्या दुसऱ्याचं खवट तेल खातेय."

"ऐकलंत?" कारभारी गरजला. "हा खोटा ठरला. फोडा ती हलगी!"

तेलिणीने हलगी पोटाशी धरली. "हलगी फुटल्यावर माझ्यासारखीनं उत्तर कुठून द्यायचं? चूक माणसाची होती. ती त्यानं कबूल केली. कारभारी, पायलीबद्दल हे बोलले तेही खोटं असेल, तर तुम्ही या की वर! मी उतरते."

बाजारात खसखस पिकली.

"या," दवंडीवाला म्हणाला. "मी मधे बोलणार नाही. पायली तेवढी बरोबर आणा."

"माझं उत्तर मी कचेरीत देईन," असं म्हणून कारभारी चालता झाला. शिपाईही गेले. बाजारातलं कुणी त्याच्यामागे गेलं नाही. कोठारावर लोक आपापली पायली घेऊन जाऊ लागले, आणि कारभाऱ्याला मुकाट्याने तीच भरून द्यावी लागली.

तेव्हापासून दवंडी झाली की दवंडीवाला टिपरू ओट्यावर ठेवायचा आणि खाली उतरायचा. ज्याचं नाव घेतलं, त्याने वर चढावं. दवंडीला लागला तेवढाच वेळ बोलावं. काही जण चढून नुसती वटवट करत. दवंडीवाला दातओठ खात ऐकायचा. वेळ संपला की "उतरा" म्हणायचा. त्याआधी कधी नाही.

तात्पर्य: बातमी सांगणाऱ्याचं तोंड बांधू नये, आणि त्यानेही ज्याच्याविषयी चारचौघांत सांगितलं, त्याला चारचौघांतच उत्तर देऊ द्यावं.