येसाआजाची सावली

लई सालं मागं, आमच्या नांदूरटेकात मोटंनं पाणी उपसायचे तवा, येसाआजा दोर वळायचा. कमरेला अंबाडीच्या वाखाचं, सालीच्या धाग्यांचं, बोचकं बांधायचा. लेक एका जागी बसून फिरकी फिरवायचा, आन् आजा वाख सोडत सोडत पांदीच्या वाटंनं उलटा चालत जायचा. मागं न बघता. असं म्हणतात, त्याचा दोर कधी तुटला न्हाई.

ऐंशीच्या वर गेल्यावर आजा एकदा उलटा चालताना पडला. माणसं हसली. लेकाला, बाजीबाला, लाज वाटली. त्यानं नवी खाट विणली, अंगणात टाकली.

"आबा, लई केलंत. बसा आता."

"बसून काय करू?"

"आराम."

"त्यो मेल्यावर हायेच की रं, येड्या!"

बाजीबानं ऐकलं न्हाई. वाख लपवून ठिवला. त्याला वाटलं, आपुन लई गुणाचं लेकरू. असली गुणाची लेकरंच बापाला मारत्यात, मी तोंडावर सांगतो.

आजा बसला. दुसऱ्या दिवशी बोलायचा थांबला. तिसऱ्या दिवशी त्याचं पाय गुडघ्यापतूर गार पडलं. आन् सुनंनं, गोजरनं, बघितलं तर भर उन्हात खाटंची सावली पडलेली, आजाची न्हाई.

त्याच दुपारी एक गुराखी पांदीतनं बोंबलत आला. पांदीत सावली चालत हुती. नुसती सावली, माणूस न्हाई. कमरंला बोचकं, उलटी पावलं. गुरं जाग्यावर थिजली हुती. असं म्हणतात, तवापासनं बाजीबा जो दोर वळंल त्यो आपसूक उलगडायचा, जसं काय पलीकडनं कुणी उलटा पीळ देतंय.

गारवा आजाच्या कमरंपतूर चढला.

"मांत्रिक आणतो," बाजीबा म्हणाला.

"मांत्रिक कशाला? वाख आणा," गोजर म्हणाली. "मामंजींचं पाय थकल्यात, बोटं न्हाईत. चालायचं तुमी चाला."

तिनं खाट पांदीच्या तोंडाशी नेली, आजाच्या मांडीवर वाख ठिवला. बाजीबा फिरकी घेऊन उलटा चालाय लागला. लई वेळ आजाची बोटं हलंनात. मग एक धागा सुटला. तशी पांदीच्या पार टोकाकडनं सावली निघाली, बाजीबाच्या अंगावरनं गेली. त्याला हिव भरलं. ती सरळ येऊन आजाच्या खाटंखाली निजली.

"हळू चाल की, बैला!" आजा म्हणाला.

पुढं अकरा सालं त्यानं तसंच बसून दोर वळला. असं म्हणतात, त्यो गेला ते सकाळी, पण पलीकडच्या टोकाला बाजीबाला कळलं दिवस कलल्यावर. तवर वाख येतच हुता.

आजबी आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला 'बसा' म्हणत न्हाईत. 'टेका' म्हणत्यात. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावातल्या सगळ्यात थोराला इचारायचं, येसाआजाच्या नावानं काय काम घेताय? जे सांगंल ते त्याला जमंल असं करून द्यायचं. गेल्या साली एक्क्याण्णव वर्सांची अनुसयाकाकू म्हणाली, हीर खांदते. मग काय, खाट टाकली. ती बोट दावती, गडी पहार घालत्यात. चाळीस फूट गेलो, पाणी न्हाई. सरपंच कुरकुरला, "काकू, बास करा आता."

काकू नुसती भुईकडं बघत राहिली. तिची सावली खाटंखालनं निघून हातभर हिरीकडं सरकली हुती.

सरपंचानं सोता पहार उचलली.